अडीअडचणीची चूल

पत्राचा सारांश : नागपुरात नाग नदीपासून हाकेच्या अंतरावर, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. घरात यजमान, अकरावीतला मुलगा आणि इन्सुलिनवर असलेल्या सासूबाई. 23 सप्टेंबर 2023 च्या पुरात त्यांच्या इमारतीचं पार्किंग बुडालं, लाइन गेली ती दुसऱ्या दिवसापर्यंत आली नाही, आणि नेमका त्याच दुपारी घरातला एकुलता एक सिलेंडर संपला. सासूबाईंची साखर उतरली, बिस्किटांवर रात्र काढावी लागली. तेव्हापासून यजमानांनी तयारीचा ध्यासच घेतलाय. पंपाचा स्टोव्ह, दहा लिटर रॉकेल, सिगडी, कोळशाचं पोतं, बाजारातून भरून आणलेल्या दोन छोट्या टाक्या, इंडक्शन, आणि आता जनरेटर घ्यायचं चाललंय. सासूबाईंचं म्हणणं, ‘आमच्या वेळी चूल होती तं काही अडत नव्हतं.’ ताई विचारतात, ‘वर्षातल्या एखाद्या दिवसासाठी घराचा दारूखाना करायचा का? तशी वेळ आलीच तर बाहेरून मागवू, असं मी म्हणते. आमच्यात बरोबर कोण?’

ताई,

तुमच्या गॅलरीतल्या सामानाची यादी मी पुन्हा पुन्हा वाचली. पेटवायच्या वस्तू त्यात भरपूर आहेत. शिजवायचं काय, ते कुठेच नाही. घरात मुगाची डाळ किती, प्यायचं पाणी किती, सासूबाईंनी सुई घेतल्यावर किती वेळात ताट समोर यायला हवं, याबद्दल अवाक्षर नाही. तयारी केली ती रोज स्वयंपाक न करणाऱ्या माणसानं, आणि जी बाई रोज ओट्याशी उभी असते तिला कुणी विचारलंच नाही. रॉकेलच्या वासापेक्षा तुम्हाला हेच जास्त झोंबलं असावं, असा माझा अंदाज आहे.

तरी यजमानांना हसू नका. घरात अंधार, खाली पाणी, आईला घाम फुटलेला, आणि आपण तिला दोन घास गरम करून देऊ शकत नाही, अशी रात्र ज्यानं काढली तो दुकानात गेल्यावर हाताला लागेल ते उचलतो. त्यांची काळजी खरी आहे. फक्त ती पैशांच्या वाटेनं बाहेर पडली.

आता तुमचं ‘बाहेरून मागवू’. त्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्र सोडून वस्तीत आली, अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत घराघरांत पाणी शिरलं, लोकांना नावेतून काढावं लागलं. त्या दिवशी डबा घेऊन येणारा पोरगा तुमच्या दारापर्यंत पोचला कसा असता? मार्च 2020 मधल्या टाळेबंदीत प्रकार उलटा होता. गॅस होता, लाइन होती, नळाला पाणी होतं, पण हॉटेलं आणि मेस बंद. खोली करून राहणाऱ्या पोरांचे हाल झाले, घरी शेगडी असणाऱ्यांचं निभावलं. मार्च 2025 मध्ये महाल आणि आजूबाजूच्या भागांत संचारबंदी लागली तेव्हाही घरातली शेगडी ठणठणीत होती. अडचण होती ती दूध-भाजीसाठी बाहेर पडायची.

म्हणजे एकाच शहरात, पाच-सहा वर्षांत, तीन तऱ्हेच्या अडचणी आल्या आणि तिन्हींत बंद पडलेली गोष्ट वेगळी होती. त्यामुळे ‘किती स्टोव्ह हवेत’ हा प्रश्न मला बिनकामाचा वाटतो. आधी विचारायचं ते हे, की बंद काय पडलं? गॅस, लाइन, पाणी, की रस्ता? यातली एक गोष्ट बंद पडली तर दुसरीवर भागवायचं, आणि दोन-तीन एकदम गेल्या तर त्या दिवशी शिजवायचंच नाही. एवढं ठरलं की गॅलरीतलं अर्धं सामान आपोआप निरुपयोगी ठरतं.

तुमच्या त्या दिवसाकडेच बघा ना. गॅस पुरानं नेला नव्हता. सिलेंडर संपत आलेलाच होता, तो पुराच्या दिवशी संपला इतकंच. ही अडचण पाऊस नसतानाही येते, रविवारी सकाळी पाहुणे बसलेले असताना येते, ऐन दिवाळीत चकली कढईत असताना येते. तिच्यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दुसरा सिलेंडर. तुमचं कनेक्शन एका सिलेंडरचं असेल तर एजन्सीत जाऊन अनामत भरा आणि दोनाचं करून घ्या. ते लगेच जमणार नसेल तर कंपन्यांचा अधिकृत 5 किलोचा छोटा सिलेंडर मिळतो. एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर ओळखपत्र दाखवून तो विकत घेता येतो. त्यावर अनुदान नाही, पण एरवीचा 14.2 किलोचा सिलेंडर तुम्हाला दीड महिना पुरत असेल तर हा पंधरवडाभर पुरेल. घरचा रेग्युलेटर त्याला बसतो का, ते घेतानाच बघून घ्या. आणि सिलेंडर लावला त्या दिवशीची तारीख खडूनं त्याच्याच अंगावर लिहून ठेवा. हलवून अंदाज घेणाऱ्यांचे सिलेंडर नेहमी ‘अजून आठ दिवस जाईल’ म्हणता म्हणता संपतात.

यजमानांच्या वस्तूंपैकी मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती बाजारातून भरून आणलेल्या दोन टाक्यांची. कंपनीच्या सिलेंडरवर वरच्या कड्याच्या आतल्या पट्टीवर एक अक्षर आणि वर्ष लिहिलेलं असतं. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाह्या. ‘बी 27’ असेल तर जून 2027 पर्यंत तो वापरायचा, पुढे त्याची पुन्हा चाचणी व्हायला हवी. तुमच्या टाक्यांवर असं काही आहे का? नसणार. अशा टाक्या घरगुती सिलेंडरमधून चोरून भरतात. ते बेकायदा तर आहेच, पण टाकी किती भरली याचं मापही तिथं नसतं. द्रवरूप गॅसला फुगायला वर थोडी मोकळी जागा लागते. ती नसेल आणि टाकी पश्चिमेच्या गॅलरीत असेल, तर नागपूरच्या मे महिन्यात काय होईल ते मी सांगायला नको.

पंपाच्या स्टोव्हबद्दल सासूबाईंना विचारा. त्यांनी पेटवला असेल. आधी बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट नाहीतर रॉकेलचा काकडा लावून बर्नर तापवायचा, मग झडप बंद करून बेतानं पंप मारायचा, छिद्र बुजलं तर पिन घालायची, आणि निळी ज्योत येईपर्यंत भडका उडाला तरी हात मागे घ्यायचा नाही. हे ज्यांच्या हातात बसलं होतं त्यांना आज पाटावर बसून वाकणं जमत नाही, आणि ज्यांना वाकणं जमतं त्यांनी स्टोव्हची पिन कधी पाहिलेली नाही. तुमच्या मुलानं अंधारात, टॉर्च तोंडात धरून, पहिल्यांदा हा स्टोव्ह पेटवावा असं कुणालाच वाटणार नाही. शिवाय रेशनवर हक्कानं रॉकेल मिळायचे दिवस गेले. यजमानांनी दहा लिटर कुठून आणलं ते विचारायला हरकत नाही! स्टोव्ह ठेवायचाच असेल तर वातीचा ठेवा, रॉकेल लिटर-दोन लिटरच्या पुढे नको, आणि तेही गॅस सिलेंडरजवळ अजिबात नको.

सिगडी फक्त उघड्या गच्चीवर. काचा लावून बंद केलेली गॅलरी म्हणजे खोलीच. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. डोकं दुखायला लागतं, मळमळतं, झोप आल्यासारखं वाटतं, आणि माणूस उठतच नाही. डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा दहाच्या खाली जातो तेव्हा काही घरांत शेकायला सिगडी खोलीत घेऊन दार लावून झोपतात. तसं कधीच करू नका. तोच हिशेब जनरेटरला. तो आणि त्याचं पेट्रोल, दोन्ही फ्लॅटमध्ये नको.

सासूबाईंच्या चुलीचं मात्र मला वाईट वाटतं, कारण त्यांचं म्हणणं खोटं नाही. त्यांच्या काळी चुलीला धुराड्याची वाट होती, अंगण होतं, सरपण रचायला परसात जागा होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवरचे रोडगे आणि वांग्याची भाजी खायला मीही शेतावर कुठेही यायला तयार आहे. पण सप्टेंबरात, मुसळधार पावसात, तिसऱ्या मजल्यावर मध्यरात्री गोवऱ्या पेटत नाहीत.

इंडक्शन चांगली खरेदी आहे, ते ठेवा. गॅस नाही पण लाइन आहे, अशा वेळचा तो घरातला दुसरा हात. मात्र तीन गोष्टी आधी तपासा. एक, भांडी. साधा लोहचुंबक बुडाला लावून बघा, चिकटला तर भांडं चालेल. ॲल्युमिनियमचा जुना कुकर, पितळी पातेलं चालणार नाही. दोन, प्लग. दोन हजार वॅटचं इंडक्शन साडेआठ-नऊ अँपिअर ओढतं, मोबाइल चार्जरच्या छोट्या सॉकेटवर ते लावायचं नाही, मोठं सोळा अँपिअरचं सॉकेट हवं. तीन, इन्व्हर्टर. घरोघरी असतो तो आठशे-नऊशे व्हीएचा इन्व्हर्टर पंखे-दिवे चालवतो, इंडक्शन नाही. ‘कमीवर ठेवू’ म्हणाल, तर बहुतेक साधी इंडक्शनं कमीवर ठेवली की थांबून थांबून चालतात, पण चालतात तेव्हा जोर मोठाच ओढतात. तीन-चारशे वॅटचा लहान राइस कुकर मात्र इन्व्हर्टरवर थोडा वेळ निघू शकतो. इलेक्ट्रिशियनला विचारून, लाइन असतानाच एकदा मेन स्विच पाडून बघा.

आता शिजवायच्या बाजूला येऊ. गॅस थोडाच उरलाय आणि पुरवायचाय, तेव्हा गोधडी कामाला येते. तांदूळ आणि मुगाची डाळ तासभर भिजवा. जाड बुडाच्या, घट्ट झाकणाच्या पातेल्यात नेहमीपेक्षा थोडं जास्त पाणी घालून खिचडीला खळखळून उकळी आणा आणि दहा मिनिटं उकळत ठेवा. झाकण न उघडता पातेलं वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्यांत गुंडाळा, मग गोधडीत, आणि एखाद्या खोक्यात किंवा थंडीच्या रजयांमध्ये खोचून ठेवा. तास-दीड तासानं खिचडी आतल्या आत शिजते. पातेलं वरपर्यंत भरलेलं हवं, अर्ध्या भांड्यात उष्णता टिकत नाही. वाढण्याआधी पुन्हा एकदा वाफ काढा, आणि कोमट होईपर्यंत तासन् तास गोधडीत ठेवू नका, आंबेल. तूरडाळीला ही युक्ती नीट साधत नाही, मूग आणि मसुराला साधते. सासूबाईंना हे काम द्या. चुलीची आठवण काढणाऱ्या बाईला ऊब कशी धरून ठेवायची ते शिकवावं लागणार नाही.

आणि पहिल्या दिवसासाठी काहीच न पेटवता भागेल असा एक डबा भरा. मोठं काम आहे ते हेच, सगळ्या शेगड्यांच्या आधीचं. आपल्याकडे यासाठी बाहेरचं काही शिकायची गरज नाही. कच्चा चिवडा घ्या, मुरमुरे नाहीतर भाजके पोहे, वरून कच्चं तेल, तिखट-मीठ, दाणे, असेल तर कांदा आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. दडपे पोहे पाण्याच्या शिंतोड्यावर होतात. सातूचं पीठ पाण्यात नाहीतर ताकात कालवलं की जेवण. फुटाणे, भाजके शेंगदाणे, ज्वारीच्या लाह्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, दूध पावडर, सासूबाई सोडून बाकीच्यांसाठी खजूर आणि गूळ. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत, वरच्या फळीवर. पावसाळ्यात सादळतं, किडे होतात, म्हणून तारीख बांधून घ्या : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते त्या आठवड्यात डबा उघडायचा, जुनं खाऊन टाकायचं, नवं भरायचं. दुसऱ्यांदा संक्रांतीला. त्याशेजारी वीस-पंचवीस लिटर पिण्याचं पाणी. लाइन गेली की मोटर बंद, मोटर बंद की गच्चीवरची टाकी रिकामी होत जाते, हे तुम्ही त्या दिवशी पाहिलंच असेल.

सासूबाईंचा भाग स्वतंत्र लिहून काढा, आणि तो त्यांच्या डॉक्टरांसमोर बसून. जेवण उशिरा होणार असेल तर सुईचं काय करायचं, हा प्रश्न त्यांना आजच विचारा. उत्तर कागदावर घ्या आणि फ्रिजवर लावा. मनानं मात्रा कमी-जास्त करू नका. साखर 70 च्या खाली गेली की बिस्किटं पुरत नाहीत, ती हळू चढतात. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, सावरल्यावर थोडं खायला द्यायचं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. ग्लुकोजचा डबा आणि मशीनच्या पट्ट्या त्या कोरड्या डब्यातच ठेवा. यजमान ज्या रात्रीला घाबरतात, तिच्यावर खरा इलाज हा आहे, आणि गॅलरीतल्या सगळ्या सामानापेक्षा तो स्वस्त आहे.

एक गोष्ट तुम्हा दोघांच्याही लक्षात आलेली दिसत नाही. तुमच्या इमारतीत समजा बारा घरं आहेत. बारा घरांचे सिलेंडर एकाच दुपारी संपत नाहीत. त्या दिवशी वरच्या मजल्यावर कुणाकडे तरी गॅस होता, तुम्ही दार वाजवलं नाही. संकोच वाटला असेल. तो पाऊस नसताना मोडा. कुणाकडे दोन सिलेंडर आहेत, कुणाकडे मोठं पातेलं आहे, कुणाच्या घरी तान्हं बाळ किंवा पथ्याचं माणूस आहे, एवढं सोसायटीच्या ग्रुपवर एकदा गोळा करा. तळमजल्यावरच्यांची गरज तर तुमच्याहून मोठी, कारण त्यांच्या ओट्यापर्यंत पाणी येतं. त्यांना हेही सांगून ठेवा की पाणी चढायला लागलं की रेग्युलेटर बंद करून काढायचा, सिलेंडरच्या तोंडावर दोरीला लटकणारं प्लॅस्टिकचं झाकण घट्ट बसवायचं आणि सिलेंडर वर न्यायचा. भरलेला सिलेंडरसुद्धा पुरात तरंगतो आणि वाहत जातो. पाणी ओसरल्यावर शेगडी, नळी, रेग्युलेटर तपासून घेतल्याशिवाय काडी ओढायची नाही. गळतीचा वास आला तर 1906 वर फोन, विजेची तार पडलेली दिसली तर 1912 वर.

आणखी एक. एखाद्या रविवारी मेन स्विच आणि सिलेंडर दोन्ही बंद करा आणि दिवसभराचं खाणं बाप-लेकाकडे सोपवा. तुम्ही स्वयंपाकघरात जायचं नाही, कुठला डबा कुठे आहे तेही सांगायचं नाही. डाळीचा डबा सापडायला वेळ लागेल, कच्च्या चिवड्यात मीठ दोनदा पडेल. सासूबाई खुर्चीत बसून सूचना देतील, त्या ऐकू द्या. त्यांचं जेवण मात्र वेळेवर द्या, तिथं प्रयोग नको. संध्याकाळी चौघांनी बसून काय कमी पडलं ते लिहा आणि पुढची खरेदी त्या कागदावरून करा. तुमच्या यजमानांना यादी करायला आवडतं असं दिसतंय. फक्त या वेळी ती तुमच्या सांगण्यावरून होऊ द्या.

पण त्या दोन टाक्यांना रविवारपर्यंत थांबवू नका. त्या वापरायच्या नाहीत, गॅस स्वतः बाहेर सोडायचा नाही, भंगारवाल्याला द्यायच्या नाहीत. सावलीत, उघड्या हवेशीर जागी, उभ्या ठेवा, स्टोव्ह आणि रॉकेलपासून लांब, आणि उद्या सकाळी एजन्सीत जाऊन तिथल्या मेकॅनिकला त्यांची विल्हेवाट कशी लावायची ते विचारा. दुसऱ्या सिलेंडरचा अर्जही त्याच फेरीत भरून या.